पिवळ्या चौकटीतली मावशी

सोमवार, ४
आले एकदाची! मावशीचं घर म्हणजे एक खोली, एक खिडकी आणि काज-बटणासाठी आलेल्या शर्टांचे ढीग. मावशी बोलत होती, बोलतच होती. शाळा सुटली म्हणून काही आभाळ कोसळलं नाही, म्हणाली. तुझ्यासारख्या मुखदुर्बळ पोरीला यंत्रंच बरी, ती उलटून बोलत नाहीत. खाली कॅमेरे दुरुस्त करणारे मास्तर आहेत, त्यांच्याकडे माझं काम ठरवूनच ठेवलंय तिने. मी नुसती मान हलवली. आई गेल्यावर मला ठेवून घेणारी ही एकटीच.

शनिवार, ९
मी कॅमेरा घेतला! स्वतःचा! भंगारवाल्याच्या टोपलीत पडला होता, जुना, रिळाचा, पट्टा तुटलेला. मास्तर म्हणाले की हा केव्हाच मेलाय, आता तूच उठव. भिंगावरची बुरशी पुसली. गंजलेले स्क्रू तेल सोडून ठेवलेत. मावशी म्हणते, एवढं प्रेमाने तू माझ्याकडेही बघत नाहीस.

बुधवार, १३
खटका चालायला लागला! पण फोकस लागत नाही. ह्याला डोळा लावला की मधोमध पिवळी चौकट दिसते. समोरची वस्तू त्या चौकटीत दुसऱ्यांदा दिसते, फिकी, जराशी बाजूला. भिंगाभोवतीचं कडं फिरवायचं, दोन्ही एकावर एक बसल्या की झालं. माझ्या कॅमेऱ्यात बसतच नाहीत. मास्तर म्हणाले की आत एक बारीक स्क्रू असतो, त्याने जुळव, पण खांबावर बघून जुळव, माणसावर नको. का, ते विचारायला माझं तोंड उघडलं नाही. माणूस हलतो म्हणून असेल.

गुरुवार, १४
आमच्या खिडकीसमोर नुसती भिंत. खांब कुठून आणू? मावशी काजं करत बसली होती, तिच्यावरच जुळवला. ती हसून म्हणाली की माझ्या नाकाचा फोटो काढशील तर अख्खं रीळ संपेल. गंमत म्हणजे चौकटीतली फिकी मावशी हसत नव्हती. स्क्रू हळूच फिरवला. दोघी बसल्या एकावर एक.
मावशी बोलता बोलता थांबली. जेवतानाही गप्पच.

शुक्रवार, १५
सकाळपासून एक शब्द नाही. माझं काही चुकलं का? नुसती बघत बसते माझ्याकडे. पापणी लवत नाही.
आज तिने काजं केली नाहीत. केलेली होती ती शिवून टाकली. सगळ्या शर्टांची. टाका इतका बारीक की भोक होतं हेसुद्धा कळत नाही.

शनिवार, १६
कॅमेऱ्यातून पाहिलं. पुन्हा दोघी झाल्यात. खुर्चीतली गप्प. चौकटीतली फिकी मात्र बोलतेय — हातवारे करून, न थांबता. आवाज नाही.
आमची मावशी ती आहे. खुर्चीतली नाही.

रविवार, १७
मास्तरांचं दुकान बंद. फिकी मावशी काल खुर्चीपासून हातभर लांब होती. आज भिंतीपाशी गेलीय. आणखी फिकी —

सोमवार, १८
जन्मात पहिल्यांदा आपणहून कुणाला विचारलं, मास्तरांना. मास्तर म्हणाले, कशावर जुळवलास. मावशीवर म्हटल्यावर त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. म्हणाले, जा, स्क्रू उलटा फिरव, ती दिसतेय तोवरच. दिसेनाशी झाली की मग —

सोमवार, दुपार
अर्धा वळसा उलटा. आली, जवळ आली! आणखी जरासा —
खुर्चीतली उठली.

कॅमेरा तिच्याकडे आहे. दारात उभी आहे. डोळा लावलाय, कडं फिरवतेय. माझ्याकडे बघून.
पाय उचलत नाहीत. लिहिणारा हात तेवढा —
मावशी दिसतेय मला. फिकी. कॅमेऱ्याशिवायच, अगदी शेजारी. आणि आता आवाजही येतोय तिचा. हल म्हणतेय, अगं बाई माझे, बघत काय राहिलीस, हल, जागची ह