खालचा दात छपरावर

हारुहितो,

मी आईकडे मात्सुएला निघाले आहे. कधी येईन ते विचारू नकोस, माझं मलाच ठाऊक नाही. भात कुकरमध्ये आहे.

कोतोहाच्या दातांचं नीट वाच. ती आधी स्वतः घासते, पण तो नुसता फेस असतो. मग तिचं डोकं मांडीवर घेऊन आपण पुन्हा घासायचे. बेसिनपाशी उभं करून उरकू नकोस. मागे नवी दाढ अर्धी वर आली आहे, तिथे ब्रश आडवा घाल. ओरडेल, ओरडू दे.

खालचा दात हलतोय. पडला तर तिच्यासोबत अंगणात जा आणि छपरावर फेका, म्हणजे नवा सरळ वर येतो. मागच्या वेळी पडलेला दात तू टिश्यूसकट कचऱ्यात टाकलास आणि वर म्हणालास, "दातच तर होता!" त्यावर मी जे बोलले ते दाताबद्दल नव्हतं, एवढं तुलाही कळलं असेल.

अजून एक. मांडीवर पडली की ती खालून एकटक बघत राहते आणि तोंडात ब्रश असतानाच काहीबाही विचारते. काल म्हणाली, "आई, तू आणि बाबा आता वेगळ्या घरात राहणार?" शब्द न् शब्द कळला मला. मी म्हटलं, "बोलू नकोस गं, फेस गिळशील." आणि घासलेलेच दात पुन्हा घासत बसले.

आज ती तुला विचारेल. काय सांगशील, ते मलाही कळव.

चिनात्सु