कुठेच न जाणारी तार

दादा,

आज कोर्टात तू बनवलेली चिप मोठी करून पडद्यावर दाखवली. कोपऱ्यात एक तार होती, कुठेच न जाणारी. तिचा उपयोग तुमच्या वकिलांना सांगता येईना, तेव्हा न्यायाधीशांनी मला विचारलं.

"उपयोग काहीच नाही, साहेब," मी ताठ मानेनं म्हणाले. "ती माझी चूक आहे. आमच्या चिपमधून खोडायची राहून गेली होती."

तू मान खाली घातलीस. तुमच्या कंपनीनं आमची चिप उतरवल्याचं तिथेच सिद्ध झालं.

लहानपणी माझ्या वहीतली एकही चूक तुझ्या लाल पेन्सिलीतून सुटायची नाही. आणि आता माझीच वही उतरवलीस, तीही न तपासता! आई म्हणते, जखमेवर मीठ चोळू नकोस, म्हणून हे पाठवत नाही. पण गुरूनं आपली कॉपी केली, हे मिरवायचं कुणापुढे?

तुझीच,
आता वही झाकून लिहिणारी,
छकुली