जावयाचा होकार

सोमवार, ४ नोव्हेंबर

पुन्हा 'हो' म्हणून मोकळा झाला! नव्या गोऱ्या सिस्टरनं, ब्रॉनविननं, त्याला समोर बसवलं, डोळ्यांत डोळे घालून विचारलं— "किडन्या गेल्यात तुझ्या. डायलिसिससाठी तिकडे शहरात, आलिसलाच राहावं लागेल. कळलं? गुरुवारच्या विमानानं जाणार ना?" हो. हो. हो. मी, दवाखान्यातली मदतनीस, पडद्याआड औषधं लावत होते. जावई दवाखान्यात आला की मी पडद्याआड.

सिस्टर खूश. "बघ, सरळ विचारलं की काम होतं."

कपाळ माझं! तो 'हो' म्हणजे— बाई, आता सोडा मला. आम्हा आदिवासींतलं शेंबडं पोरही ओळखेल. म्हटलं, तो जाणार नाही. तर म्हणते, "मग तूच सांग की. सासू ना तू?"

सासू आहे म्हणूनच तर! डेल्विनाचं लग्न झाल्यापासून जावयाशी एक शब्द बोललेले नाही, त्याचं तोंड नीट पाहिलेलं नाही. मान असतो तो. त्याचं नाव मी इथंसुद्धा लिहिणार नाही.

मंगळवार, ५

सासूचा निरोप जावयाकडे न्यायचा तो त्याच्या थोरल्या भावानं, क्लॅरीनं. तो लांबच्या वस्तीवर सुतकाला बसलाय. तिथं फोनही लागत नाही. डेल्विनाला म्हटलं, तू बोल. "सांगून सांगून थकले गं आई!" रडत होती. मीही.

बुधवार, ६

संध्याकाळी त्यांच्या अंगणात गेले. त्याच्याकडे पाठ करून बसले आणि कुत्रीला सांगितलं, मोठ्यानं— "ऐक गं भवाने, उद्या विमानात बसला नाही तर माणूस हातचा जाईल! माझी पोर उघडी पडेल!" आमची जुनी माणसं असंच बोलायची. मागं खाट करकरली. बस्स. कुत्री शेपूट हलवत राहिली.

गुरुवार, ७

विमान आलं, धुरळा उडवून गेलं. तो पहाटेच कांगारूच्या शिकारीला, वस्तीतल्या पोरांच्या गाडीतून.

सिस्टर माझ्यावरच भडकली. "खोटं का बोलला मग?" खोटं? तोंडावर 'नाही' म्हणणं म्हणजे आलेल्या माणसाला हाकलून लावणं. कसं सांगू हिला! आणि सांगून तरी काय. डेल्विना म्हणते, पाय इतके सुजलेत की बूट चढत नाहीत.

रविवार, १०

जेवण जात नाही. कसला मान कवटाळून बसलेय मी? मेल्यावर मानाचं काय करू?

बोलणार. तोंडावर. वस्ती थुंकली तर थुंकू दे. सिस्टर परकी, तिला टाळतो. पण सासूनं तोंड उघडलं म्हणजे आभाळ फाटलंय, एवढं तरी कळेल त्याला.

बुधवार, १३

बोलले. समोर उभी राहून, नाव घेऊन. "जा रे बाळा. उद्याच्या विमानानं जा."

तो खाली बघत राहिला. मग अगदी अदबीनं म्हणाला, "हो, सिस्टर."