आमच्या प्रभागातील शून्य रुग्णांबाबत

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी साहेब,
नगरपालिका आरोग्य विभाग, दुसरा मजला.

विषय : वृद्धांच्या स्मृतिभ्रंश पाहणीत आमच्या प्रभागाचा आकडा ‘शून्य’ धरला आहे, तो दुरुस्त होणेबाबत.

संदर्भ : आपल्यासमोर झालेली सुनावणी व माझा अर्ज निकाली काढल्याचे आपले पत्र.

महोदय,

मी कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर काम करते. घरी मी आणि वडील, दोघंच. वडील निवृत्त मुख्याध्यापक असून त्यांना स्मृतिभ्रंश आहे, असे दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तोंडी सांगितले आहे. कामावर जाताना मी त्यांना आत ठेवून बाहेरून कुलूप लावते. हे लिहिताना लाज वाटते, पण दुसरा इलाज नाही.

१. पाहणीत रुग्ण सापडले तर जुन्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत अशा वृद्धांना दिवसभर सांभाळणारे केंद्र निघणार होते. आकडा शून्य आल्यामुळे ते रद्द झाले. आता त्या खोलीत आपल्या कार्यालयाच्या मोडक्या खुर्च्या कुलूपबंद आहेत. त्यांना कोंडायची कोणाला लाज वाटत नसावी.

२. पाहणी करणाऱ्या बाई आल्या तेव्हा मी कामावर होते. त्यांनी खिडकीतून विचारले की घरात कोणाला विसरण्याचा आजार आहे का. वडिलांनी गजांच्या आतून नाही म्हणून सांगितले. कुटुंबप्रमुखांनी सांगितले म्हणून तसेच नोंदवले गेले. दाराला बाहेरून कुलूप का, हा प्रश्न त्यांच्या कागदावर नव्हता.

३. गल्लीचे म्हणाल, तर किराणा दुकानदाराचे वडील स्वतःच्याच दुकानात गिऱ्हाईक म्हणून उभे राहतात. इस्त्रीवाल्याची आई जेवून उठली की आपल्याला उपाशी ठेवल्याचे गल्लीभर सांगत फिरते. आकडा दुरुस्त करायला चला म्हणून मी दोन्ही घरी गेले. इस्त्रीवाल्याने आईचे वय झालेय, एवढ्यावर विषय मिटवला. दुकानदार म्हणाला, “माझ्या मुलीचं लग्न व्हायचंय. वेड्याचं घर म्हणून नाव नका पाडू आमचं.” आणि आपण सुनावणीत म्हणालात की हे श्रीमंत देशांतले दुखणे आहे, आपल्याकडे म्हाताऱ्यांभोवती माणसे असतात. अहो साहेब, माणसे असतात म्हणूनच तर झाकले जाते! आपल्यासारख्या गरीब देशांत हा आजार कमी नाही. तो घराघरांत कोंडलेला आहे आणि मोजणारे दारावरून परत जातात.

४. सुनावणीला मी वडिलांना इस्त्रीचा शर्ट घालून आणले. त्यांनी आपली विचारपूस केली, वळणदार अक्षरात सही केली, आपण खूश झालात. मग माझ्याकडे बोट दाखवून ‘या कोण’ असे आपण विचारलेत. वडील म्हणाले, “या बाई आमच्याकडे कामाला आहेत. जरा तापट आहेत, पण हाताला चव आहे.” आपण हसलात. ते हसणे आपल्या टिपणात आलेले नाही.

५. आपले पत्र म्हणते की कुटुंबप्रमुखांची स्वतःबद्दल काही तक्रार नाही; शिवाय अर्जदार बाई आपल्या कुटुंबातील असल्याचे त्यांनी मान्य केले नाही, सबब अर्ज विचारात घेता येत नाही. हद्द झाली. ते काही विसरलेले नाहीत असे आपले म्हणणे असेल, तर मी त्यांची मुलगी नाही. आणि मुलगी नसेन, तर एका परक्या म्हाताऱ्याला मी कोणत्या अधिकाराने रोज कोंडते? तरी दोहोंपैकी एक काहीतरी लेखी द्यावे. प्रभागात एक रुग्ण आहे, किंवा हा माणूस निराधार आहे.

दुसरे लिहून देणार असाल, तर सोमवारी कामावर जाताना मी त्यांना आपल्या कार्यालयात आणून सोडीन. त्यांचा त्रास काही नाही. चहा निववून द्यावा लागतो. फक्त संध्याकाळ झाली की ते दाराशी जाऊन उभे राहतात आणि मुलगी शाळेतून अजून कशी आली नाही म्हणून रडवेले होतात. तेव्हा “येतेच आहे ती” एवढे म्हणावे. मी त्यांच्या शेजारी उभी राहून तेच म्हणते.

सोबत : आपल्या पत्राची प्रत.
दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे.

आपली नम्र,
(सही)
वडिलांशी नाते : कार्यालयाने ठरवावे.