सोफ्याचं प्लास्टिक

ती. आईंना,
काळाचौकीहून तुमच्या सुनेचा नमस्कार.

तुम्ही गावी गेलात आणि इकडे शमिकाची डायपरची जागा लालभडक होऊन सोलवटली. एक्झिमा आधीचाच, त्यात हे. पोरगी बसायलाच तयार नाही हो, जेवायची तीसुद्धा उभ्यानं. डॉक्टर म्हणाले, कोमट पाण्यानं धुवा, हलक्या हातानं टिपा, क्रीम जाड लावा आणि जमेल तेवढं उघडं ठेवा. तुमच्या हळद-बेसनाचं नाव काढलं तर त्यांनी हातच जोडले.

तेव्हापासून बाईसाहेब घरभर नागड्या फिरतायत आणि मी फडकं घेऊन मागे. काल दुपारी तुमच्या नव्या सोफ्यावर चढल्या. प्लास्टिक ढुंगणाला चिकटलं तशी पोरगी जोरात किंचाळली. मग मी कात्रीच घेतली. हो, तेच प्लास्टिक, जे तुम्ही पाहुण्यांसाठीसुद्धा काढू दिलं नाहीत. शमिका मऊ कापडावर हळूच टेकली, पाय हलवत हसली, आणि निवांतपणे तिनं सोफा भिजवला.

डाग काही जात नाहीये. म्हणून हे पत्र मी टाकत नाही. संध्याकाळी तुमचा फोन आला की एवढंच सांगेन, आई, शमिका एकदाची बसली. कुठे, ते तेवढं विचारू नका.

तुमची (तूर्तास लाडकी) सून,
दर्शना