भट्टीला दिलेला शब्द

सोमवार, ३ नोव्हेंबर

आले एकदाची! पहाटे दोंडाईचाहून गाडीत बसले आणि दुपारी सुरतेत, कतारगाममधल्या या खोलीत पिशव्या टेकवल्या. खोली दहा बाय दहाची. खाली स्वयंपाकघर, शेजारी लूमचा कारखाना. मागांची धडधड अशी, की भिंतीवरचा आरसा सारखा थरथरतो. टिकली लावायला गेले तर भुवईवर बसली. तरी खोली मला पसंत आहे. नवऱ्याचं घर सोडल्यापासून पाच वर्षं योगराजदादाकडे राहिले. दादा देवमाणूस, वहिनीही वाईट नाही, पण चहात अर्धा चमचा साखर जास्त घालायची तर आधी तिच्या तोंडाकडे बघावं लागायचं. आज मी चार चमचे घातले आणि निवांत प्यायले.

काम सरळ आहे. कारखान्याचे मालक मगनभाई, त्यांच्या साठ कामगारांना दुपारचं जेवण द्यायचं. निम्म्याहून जास्त आपलेच, खानदेशातले, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर जीव टाकणारे. हाताखाली शोभाबाई आहेत, शिंदखेड्याकडच्या, वीस वर्षांपासून सुरतेत. अट एकच, दुपारी एकला ताटं वाढली गेली पाहिजेत. मगनभाई पंधरा दिवस बघणार. जमलं तर खोली कायमची माझी, आणि सोळा तारखेच्या रविवारी दादा माझ्या मयुरीला इथं आणून सोडणार. नऊ वर्षांची आहे. मराठी शाळेत बोलून ठेवलंय. नाही जमलं तर परत वहिनीचा चहा. पण नाही जमलं म्हणजे काय? जमवणारच.

मगनभाईंना गॅसच्या सिलिंडरची भीती, म्हणून इथं पेलेटची भट्टी आहे. भुसा, शेंगांची टरफलं, कपाशीच्या पऱ्हाट्या असं सगळं दळून, दाबून केलेल्या बोटभर कांड्या म्हणजे पेलेट. वरच्या टाकीत ओतायच्या आणि बटण दाबायचं. कांड्या आपोआप खाली पडतात, पंखा हवा देतो, वर तवा. मला तर बाई फार हुशार वाटली ही भट्टी.

बुधवार, ५ नोव्हेंबर

हुशार कसली, नाटकी आहे. काल दोनदा आणि आज तीनदा बंद पडली. लाल दिवा लागतो, पीं पीं करते आणि जाळ गप्प. ताटं पावणेदोनला गेली. मगनभाईंनी आवाज चढवला नाही. घड्याळाकडे बघून एवढंच म्हणाले, की ही पहिली वेळ समजतो, तीन झाल्या की दुसरी बाई बघेन.

संध्याकाळी तिला उघडूनच बसले. कांड्या जळतात त्या वाटीची भोकं राखेनं बुजली होती, ती खिळ्यानं मोकळी केली. कांड्यांतला भुगा चाळणीनं वेगळा केला. पंख्यात लूमचे तंतू अडकले होते, त्यांचा मूठभर गुंता निघाला. काठीला फडकं बांधून चिमणीत घातलं, तर सगळी काजळी माझ्या तोंडावर. शोभाबाई हसून हसून बेजार झाल्या. मग लावून पाहिली. तासभर पाणी उकळलं, भट्टीनं हूं की चूं केलं नाही. उद्या बघते कशी बंद पडते ते.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

पडली. दोन्ही दिवस पडली. कांड्या ओल्या असतील म्हणून गच्चीवर वाळवल्या. कारखान्याच्या वायरमननं वीज तपासली, प्लग बदलला. त्याला काहीच चूक सापडली नाही.

मला एक गोष्ट सापडलीय, पण ती वहीतच लिहिते, नाहीतर लोक मला वेड्यात काढतील. पाणी कितीही उकळा, भट्टी चालते. रिकामा तवा लाल होईपर्यंत तापवा, चालते. पहिली भाकरी टाकली की बंद. आज मुद्दाम सात वेळा करून बघितलं. सातही वेळा.

आज ताटं उशिरा गेली. मगनभाईंची दुसरी वेळ झाली. ठीक आहे. मी नवऱ्याला पुरून उरले, ही तर पत्र्याची पेटी.

शनिवार, ८ नोव्हेंबर

गंमत झाली. भाकरी टाकली, लाल दिवा लागला आणि माझं डोकंच फिरलं. कमरेवर हात ठेवून तिला म्हटलं, बाई, तुला भूक लागलीय का? पहिली भाकरी तुला, मग साठ जणांना, झालं समाधान? आणि बटण दाबलं. पेटली! शब्द दिला होता म्हणून पहिली भाकरी खरंच जाळात टाकली. एकशे ऐंशी भाकरी झाल्या, एकदाही विझली नाही. ताटं एकला दहा मिनिटं असताना तयार. शोभाबाई मात्र हसल्या नाहीत.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

एक कबुली एक दिवस टिकते. काल भाकरी देऊनही विझली. गुळाचा खडा कबूल केला, तेव्हा चालली. आज गुळानंही भागलं नाही. हिरव्या बांगड्या कबूल केल्या तेव्हा कुठे जाळ आला. दुपारी जाऊन बांगड्या आणल्या आणि भट्टीच्या कानाला अडकवल्या. स्वतःचंच हसू येत होतं.

पण सकाळी राख काढायला खालचा ट्रे ओढला, तेव्हा हसू आलं नव्हतं. राखेत पाऊल उमटलेलं होतं. बाईचं, डावं. दुसऱ्या बोटावर जोडव्याची खूण. ट्रे रात्रभर भट्टीच्या आत होता आणि तिथं माझा हातसुद्धा धड जात नाही. तेरा दिवसांत आपल्याकडे दिव्याखाली पीठ पसरून ठेवतात, गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं त्याची खूण बघायला. तेच आठवलं.

शोभाबाईंना दाखवलं. त्या घरात अहिराणीच बोलतात, पण माझ्याशी अहिराणीत आज पहिल्यांदा बोलल्या: "कावया शिवत नही ना, तशी गत शे हाई. तिनी कायतरी इच्छा ऱ्हायेल शे."

पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा घरचे हात जोडून एकेक कबूल करत जातात, तुझं घर बांधू, तुझ्या आईला बघू. नेमकं दुखणं बोललं गेलं की कावळा झडप घालतो. हे मला माहीत आहे. पण ती माणसं आपल्या माणसाला कबूल करतात. मी कुणाला करतेय?

राख फेकून दिली. घाबरले आहे, खोटं कशाला लिहू. पण भिऊन खोली सोडणार नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

साडेबाराला विझली. वीस भाकरी अजून उरलेल्या. बाहेर साठ माणसं हात धुऊन बसलेली, दारात मगनभाई. ही तिसरी वेळ ठरली असती. साडी कबूल केली, नाही. नारळ, नाही. वर्षश्राद्ध घालीन म्हटलं, तरी नाही. दहा मिनिटं उरली होती. मयुरीचं दप्तर डोळ्यांपुढे आलं आणि मी चिडून, रडून, जे तोंडाला आलं ते बोलले.

"अगं बाई, माझी लेक ती तुझी लेक. आता तरी पेट."

बटणाला हातही लावला नव्हता. जाळ छातीएवढा वर आला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज एकदाही विझली नाही. मगनभाई म्हणाले, पंधरा दिवस कशाला बघायचे, खोली तुमचीच. मला आनंद होईना.

संध्याकाळी मयुरीला फोन केला. खुशीत होती. म्हणाली, "आई, सकाळी तू घातलेली वेणी शाळेत सगळ्यांना आवडली. पण तुझ्या हातांना धुराचा वास का येत होता?"

वहिनीनं घातली असेल. वहिनीला विचारलं. ती म्हणाली, मी तर शेतात होते.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

लखन पेलेटच्या गोण्या टेम्पोतून आणतो. त्याला आज उभं करून विचारलं, कांड्या कशाच्या बनतात. आधी टाळाटाळ केली. मग म्हणाला, कामरेजकडे एका शेडमध्ये दळतात, येईल ते दळतात. मागच्या महिन्यात कुठल्याशा घाटावरची अर्धवट जळकी लाकडं आली होती. एका बाईची चिता पुन्हा पुन्हा विझायची, शेवटी लाकडं बदलून उरकलं. नाव कुणाला माहीत नाही. लेकीची वाट बघत गेली म्हणतात, लेक काही आली नाही.

मी वेगळ्या गोण्या मागितल्या. आणि भट्टी बंद केली.

बटण बंद. तरी जळतेय. प्लग काढला. जळतेय. टाकी उपसली, एक कांडी ठेवली नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

तीन दिवसांपूर्वी हिला चालू ठेवायला रडत होते. आज दहा बादल्या पाणी ओतलं. वाफसुद्धा येत नाही. शोभाबाई दाराबाहेरूनच हात जोडून गेल्या.

तिच्यासमोर उभी राहिले. दिलेला शब्द परत घेते म्हटलं. जाळ सरळ माझ्या तोंडाकडे वळला, पदर करपला. हलले नाही. म्हटलं, तुझी लेक आली नाही याचं मला वाईट वाटतं. पण माझी मिळणार नाही. बांगड्या ठेव, भाकरी खा, हे स्वयंपाकघर घे. लेक नाही.

मगनभाईंना खोलीची किल्ली देऊन आले, आजची रात्र तेवढी इथं. जन्मभर वहिनीचा चहा पिईन, चालेल. दादाला सांगितलं, मयुरीला आणू नकोस, मीच सकाळच्या गाडीनं येते. तिला घराबाहेर सोडू नकोस.

ट्रेमध्ये आता पावलं नाहीत. ट्रेपासून दारापर्यंत आहेत. जातानाची. परत येतानाची नाहीत.

रविवार, १६ नोव्हेंबर

स्टेशनला निघताना दादाला फोन केला. तो हसला. म्हणाला, विसरलीस की काय, तूच नाही का पहाटे आलीस? चहा घेतलास, साखर नको म्हणालीस. मयुरीला घेऊन पहिल्या गाडीनं निघालीस.

मयुरीजवळ फोन नाही. स्टेशनवर चुकामूक झाली तर — ती बाई मयुरीला इथंच आणणार. तिचं घर म्हणजे ही खालची भट्टी. थांबते.

साडेअकरा. वर खोलीत बसलेय. राख ओढायचं लोखंडी ओढणं हातात आहे. खालच्या भट्टीचा उजेड जिन्यात दिसत होता, तो एकदम गेला; विझली. आपोआप. आता वाटतंय, जळत असती तर बरं —

गाडी आली असेल. मी भीत नाही. नऊ महिने मी वाहिली, नऊ वर्षं मी — तिला माझा आवाज कळतो. मी हाक मारली की ती माझ्याकडेच —

जिन्यात पैंजण. मयुरीचेच. सोबत दुसरी पावलं, जोडव्यांची.

वर येतायत. दार उघडं ठेवलंय. ये म्हणावं.

मयुरीनं हाक मारली, "आई!"

मी ओ देणार, तोच तिच्या मागून, माझ्याच आवाजात —