गेम पुन्हा पुढं गेली, दादा

प्रिय विष्णूदादा,

तुझी ती झॉम्बीची नवी गेम काल पुन्हा पुढं ढकलली. कंपनीनं दोन ओळी टाकल्या, तुमच्या अपेक्षांना उतरायचं म्हणून आणखी वेळ हवाय म्हणे. तू असतास तर चप्पल भिरकावली असतीस भिंतीवर आणि मग तीच शोधायला पलंगाखाली शिरला असतास!

पण नुसतं एवढं सांगायला लिहीत नाही. नानांनी सांगितलंय, "त्येला सगळं लिहून कळव." गेलेल्या पोराला पत्र लिहायला लावणारा बाप आख्ख्या उमापुरात दुसरा नसेल. मी म्हटलं, नाना, पत्ता काय घालू? तर म्हणाले, "तू ल्ही तर. पोचवायचं मी बगतो." म्हणून तुझ्याच खोलीत, तुझ्याच खुर्चीवर बसून लिहितोय. खुर्चीचं उजवं चाक अजून अडकतंय.

आधी तुझ्यावरचा राग काढून घेतो. कावीळ झाली होती तर बोलला का नाहीस रे? डोळे पिवळे दिसत होते तेव्हा मला म्हणालास, रात्रभर ट्रेलर बघतोय म्हणून. मीही खुळा, विश्वास ठेवला. दवाखान्यात नळ्या लावलेल्या असतानासुद्धा तुझं तेच! "सोम्या, ह्या बारीला परत्येक घरात शिरता आलं पायजे बे. नुस्ती रंगवलेली दारं नकोत. आन् नकाशाला कुंपण नको." औषधाचं नाव विचारलं तर सांगता येत नव्हतं, आणि गेममध्ये काय काय हवं ते मात्र पाठ!

कुंपणाचं तुला फार लागायचं. गेमच्या जुन्या भागात गाव संपलं की पुढं रस्ता दिसायचा, झाडं दिसायची, पण आपला गडी जागच्या जागी पळत राहायचा. समोर काहीच नाही आणि तरी जाता येत नाही. तू चिडून कंट्रोलर माझ्या मांडीवर टाकायचास आणि म्हणायचास, "सरळ भित बांधा की मंग! दाखवता कशाला?" तेव्हा मला हसू यायचं. आता येत नाही. का ते सांगतो.

तुझ्या दहाव्याला आपण गोदाकाठी, गंगेवर गेलो. आपण म्हणजे आम्ही. अजून तुला धरूनच बोलतो बघ. तुझं लग्न नाही, सख्खा भाऊ नाही, म्हणून डोकं मी भादरलं आणि पिंड मी ठेवला. कावळा बाभळीवर येऊन बसला आणि तिथंच बसला. नाना म्हणाले, शेरडं मोडणार न्हाई, तुझ्या माघारी बी सांभाळीन. काकू म्हणाली, मी रडणार न्हाई, जेवीन. माझे वडील म्हणाले, तुझ्या मायबापाला अंतर देणार न्हाई. कावळा हलेना. ऊन डोक्यावर आलं, पाव्हणे घड्याळ बघायला लागले. भटजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले तसे नाना मटकन खाली बसले. "माझ्या लेकराचं काय ऱ्हायलं आसंल?" असं पुन्हा पुन्हा म्हणायला लागले.

मला माहीत होतं काय राहिलं होतं. पण चार गावच्या सोयऱ्यांपुढं ते बोलायचं कसं? शेवटी डोळे मिटले आणि ओरडलोच, "दादा, ती गेम आली की पयल्या दिवशी मी खेळतो! तुझ्याच खोलीत, तुझ्याच कंप्युटरवर, तुझ्या नावानं. तोवर मी कुटं जात न्हाई!"

आणि कावळा उतरला.

खरं सांगू? पलीकडं पोरांनी गलका केला म्हणून उडाला असेल, भूक लागली असेल. मला काय ठाऊक! पण नानांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "तू सोडवलंस त्येला." शेवटचं वाक्य नसतो बोललो तरी चाललं असतं, हे मला घरी आल्यावर कळलं. तोवर गावभर झालं होतं.

त्या दिवसापासून मी इथं आहे. चाकणच्या कारखान्यातून नोकरीचं बोलावणं आलं, मी तब्येतीचं कारण सांगून मुदत मागितली. दुसऱ्यांदा मागितली तेव्हा वडील म्हणाले, "कंपनी काय तुझी सोयरी हाय का वाट बगायला?" एकदा पिशवी घेऊन स्टँडवर गेलोसुद्धा. एसटीत बसलो, खिडकीही मिळाली. तेवढ्यात नाना शेरडं घेऊन रस्त्यानं आले. खिडकीखाली थांबून एवढंच विचारलं, "कुटं निगालास?" रागावले नाहीत, काही नाही. मी उतरलो. गाडी गेली आणि मी शेरडांमागं घरी आलो. समोर काहीच नव्हतं रे दादा, तरी जाता आलं नाही.

रोज संध्याकाळी शेरडं आत घातली की नाना दारात येऊन विचारायचे, "आलं का ते?" मी म्हणायचो, नाही. पारावर लोकांना खेळच झाला, "काय रं सोम्या, मढ्याचा डाव आला का?" असं विचारायचे. मी हसण्यावारी न्यायचो आणि आतल्या आत कुजायचो. तुझ्यावरही चिडायचो. मेलास तो मेलास, मला कशाला दावणीला बांधून गेलास?

त्यात ट्रेलरखालच्या प्रतिक्रिया वाचायचा नाद लागला. जगभरची पोरं तुझ्यासारखीच! कुणाला गाडीत डिझेल संपायला हवं, कुणाला थंडीत हात गारठायला हवेत, कुणाला प्रत्येक झॉम्बीचा चेहरा निराळा हवाय. तुझं वाक्य अजून तिथं आहे, "देवा, मी मरायच्या आत येऊ दे." त्याखाली रोज कुणीतरी हसून जातं. त्यांना काय माहीत? मी एकदा खाली लिहायला घेतलं होतं. मग मोबाईल पालथा ठेवला.

एक दिवस नाना आत येऊन बसले आणि म्हणाले, "माझं पोरगं येवढं कशात गुतलं हुतं, मला दाव तरी." मी जुना भाग लावला. पहिले काही दिवस त्यांचा गडी नुसता आभाळाकडं बघत गोल फिरायचा. "वर बगायला लागलं की रं हे!" म्हणून काकूला हाक मारायचे. काकू दारातून बघायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. त्या घरात मी बऱ्याच दिवसांनी हसणं ऐकलं.

मग त्यांना कळलं की ही मढी आवाजाकडं येतात. झॉम्बीला ते मढंच म्हणतात. झालं! गाडीत बसायचे, हॉर्न वाजवायचे, वर तोंडानं "हिर्र, हिर्र" सुरूच. काय सांगू तुला, मागं कळप लागायचा रे! बाजारातल्या त्या मोठ्या गोदामात तो कळप घालायचे, मागच्या खिडकीतून आपण बाहेर पडायचे आणि शटर ओढायचे. तू ज्यांच्यावर डब्यानं गोळ्या उडवल्यास, त्यांना नानांनी कोंडवाड्यात घातलं!

मी म्हटलं, "नाना, आता आग लावा की आत. गुण मिळतात."

"कावून?" नाना माझ्याकडं बघतच राहिले. "कुणाचं तरी लेकरू आसंल."

त्यानंतर रोज शेरडं मोजून झाली की गोदाम बघायचं. आतून शटरवर थापा पडायच्या, नाना कान देऊन ऐकायचे. नव्या गेमकडून त्यांच्याही अपेक्षा सुरू झाल्या. "त्यात शेरडं आसत्याल का? ह्यान्ला नावं हायत का काय?" मी म्हणायचो, आल्यावर बघू. तुझ्याच तोंडचं वाक्य.

काल दुपारी मी त्यांना सांगितलं की पुढं गेली. या वेळी तारीखसुद्धा दिली नाही. चाकणची मुदत सोमवारी संपतेय, हेही सांगून टाकलं. नाना तसेच शेरडांकडं गेले. शेरडं बांधली, हातपाय धुतले आणि खुर्ची ओढून म्हणाले, "लाव ते."

गोदामासमोर आमचा गडी उभा राहिला. थापा चालू होत्या.

"किती दिस कोंडायचं रं ह्यान्ला?"

"नाना, गेम आहे ती."

"ठोकत्यात की."

मी कंट्रोलर मांडीवर ठेवला. नाना म्हणाले, "उगड."

"खातील आपल्याला, मरेल आपला गडी."

"मरू दे. उगड म्हंतो न्हवं."

मी शटर उघडलं. जे व्हायचं ते झालं, गडी खाली पडला, पडद्याच्या कडा लाल झाल्या. पण चित्र थोडा वेळ तसंच राहतं ना, तुला माहीत आहे. ती सगळी एकेक करून बाहेर पडली, कुणी पुलाकडं, कुणी शेताकडं. नाना चष्मा वर सारून बघत होते.

"गेली?"

"गेली, नाना."

नानांनी चष्मा उतरवून पुसला. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुजं बी गाठुडं बांध. कावळा खाऊन गेला, बाबा. मीच शटर धरून बसलो हुतो." मी रडलो दादा, अगदी हमसून. जायला मिळालं म्हणून रडलो की तू खरंच गेलास म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

मग त्यांनी तुला कळवायला सांगितलं. त्यांचंच वाक्य लिहितो. "त्येला म्हणावं, हिकडून दार उगडलंय. मागं वळून बगू नको."

सोमवारी पहाटेच्या गाडीनं मी निघतोय. या वेळी शब्द जपून देतो, कारण समोर कावळा नाही आणि घाईही नाही. ती गेम येईल तेव्हा मी रजा काढून येईन. ही खुर्ची नानांना देईन आणि मी शेजारी पत्र्याच्या डब्यावर बसेन. पहिल्या दिवशी तुझ्या नावानं खेळू, प्रत्येक घरात शिरता येतं का बघू, नकाशाच्या टोकापर्यंत चालत जाऊ आणि कुंपण आहे का ते बघून येऊ. नाना बघत असतील तोवर कुणाला मारणार नाही.

वाट बघायचं काम आता आमच्याकडं लागलं. तू थांबू नकोस.

तुझा,
सोम्या